ब्रिस्टलची लाल सॅम्पलर्स: कला की नोकरीची तयारी?

कापडखूण:
जॉर्ज म्युलर यांच्या ब्रिस्टलमधल्या अनाथाश्रमात (ॲशली डाउनची पहिली इमारत १८४९ची) मुलींनी लाल दोऱ्यानं भरलेली सॅम्पलर्स (अक्षरं, अंक, नक्ष्या भरलेली नमुन्याची कापडं) लिलावात चांगला भाव घेतात, आणि लोक त्यांना सरळ ‘कला’ म्हणून मोकळे होतात. मला पटत नाही. तिथल्या बहुतेक मुली पुढे घरकामाच्या नोकरीत जात. मोठ्या घरात चादरी, टॉवेल, रुमालांवर आद्याक्षरं आणि नगाचा क्रमांक भरायचा, म्हणजे धुलाईतून परत आलेलं मोजता येतं आणि नग पाळीपाळीनं वापरता येतात, तेच चार झिजत नाहीत. लाल दोराही त्याचसाठी: टर्की रेड हा पक्का लाल रंग उकळत्या पाण्याला दाद देत नाही.

उलटटाका:
खुणेसाठी एक वर्णमाला नि दहा अंक पुरे की! इथं एकाच कापडावर कितीतरी वर्णमाला, किनारींचे तुकडे, कोपऱ्यांच्या नक्ष्या, पक्षी. चादरीवर पक्षी कोण भरतं?

कापडखूण:
वर्णमाला अनेक, कारण मापं अनेक. इंचाला ४० धाग्यांचं कापड घ्या. दोन धाग्यांवर एक फुली (× आकाराचा टाका), म्हणजे इंचात २० फुल्या. सात फुल्यांचं अक्षर जेमतेम ९ मिलिमीटर होतं. रुमालाला ठीक, ब्लँकेटवर दिसणारही नाही. पक्ष्यांचं उत्तर माझ्याकडे नाही.

उलटटाका:
तेच तर म्हणतेय. चारही बाजूंनी किनार फिरवली आणि एक धागा मोजायचा चुकला, तर चौथ्या कोपऱ्यात नक्षी जुळत नाही. उसवावं, तर लाल तंतू पांढऱ्या कापडात अडकून राहतात. हा धोका नोकरीसाठी कशाला पत्करायचा? आणि एलिझाबेथ पार्करचं १८३०च्या सुमाराचं कापड आठवा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं. त्याच लाल फुल्यांत तिनं स्वतःची व्यथा भरली, वाक्य अर्ध्यावर सोडून.

कापडखूण:
ती अनाथाश्रमातली नव्हे, ससेक्सची. आणि घरकामाची नोकरी केलेली! हात नोकरीनंच तयार केला होता.

सुईदोरा:
दोघंही समोरूनच बघताय. कापड उलटं करा. खुणेची चादर मागूनही दिसते, म्हणून गाठ नको; दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांखाली सरकवायचं, आणि एका अक्षरावरून दुसऱ्यावर दोरा ओढत न्यायचा नाही. अक्षरांमागे ही शिस्त आणि पक्ष्यांमागे लांब ओढलेले दोरे दिसले, तर कुठला भाग कशासाठी ते कळेल. तेवढ्यासाठी फ्रेमची मागची पाठ उघडा. तिथं जुनं लाकूड किंवा पुठ्ठा असेल तर तसाही काढायलाच हवा. त्यातल्या आम्लानं कापड तपकिरी पडतं.

उलटटाका:
पाठ उघडा, पण धुवू नका. सगळाच लाल दोरा टर्की रेड नसतो.