चणीबोरांचे बोरकूट बियांसकट कुटावे का?

माळरान:
आमच्या बांधावर चणीबोराची झुडपे पुष्कळ आहेत. संक्रांतीनंतर उरलेली बोरे वाळवून आम्ही बोरकूट करतो. लागवडीच्या बोरांपेक्षा रानबोरांत अँटिऑक्सिडंट अधिक असतात, असे वाचनात आले. वाळवल्यावर ती टिकतात का, आणि बियांसकट कुटल्यास पोषण वाढते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पानफूल:
क जीवनसत्त्व आणि फिनॉलिक संयुगे (वनस्पतींतील एक प्रकारची रसायने) ही दोन्ही अँटिऑक्सिडंटच, पण त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल. ताज्या बोराच्या १०० ग्रॅम गरात क जीवनसत्त्व साधारणपणे ७० ते ८० मिलिग्रॅम असते, म्हणजे प्रौढ माणसाची दिवसाची गरज जवळजवळ भागते. मात्र उष्णता, हवा आणि प्रकाश यांमुळे ते झपाट्याने घटत असल्याने उन्हात वाळवलेल्या बोरांकडून त्याची फारशी अपेक्षा ठेवू नये. फिनॉलिक संयुगे त्या मानाने टिकाऊ असतात आणि ती सालीत अधिक असतात. चणीबोर लहान असल्यामुळे वजनाच्या प्रमाणात साल जास्त भरते. त्याचा तुरटपणाही टॅनिन या फिनॉलिक संयुगांचाच.

दगडफूल:
अँटिऑक्सिडंटचे जे आकडे छापून येतात, ते बहुधा डीपीपीएच चाचणीचे असतात, ज्यात फळाच्या अर्कामुळे जांभळे द्रावण किती फिके पडते ते मोजतात. अर्क पाण्यात काढला की मिथेनॉलमध्ये, फळ कच्चे होते की पिकलेले, यावर आकडा बदलतो, आणि पचनानंतर शरीरात काय पोहोचते ते त्यातून कळत नाही.

बियांविषयी म्हणाल, तर बाहेरचे टणक कवच पचत नाही. जे काही पोषण आहे ते आतल्या मगजात. ट्युनिशियातील रानबोरांच्या मगजात प्रथिने आणि ऑलिइक आम्ल (ऑलिव्ह तेलातले मुख्य मेदाम्ल) भरपूर असलेले तेल आढळले आहे. चीनमध्ये झोप लागावी म्हणून ज्या रानबोराचा मगज औषधात वापरतात, त्यात जुजुबोसाइड नावाची सॅपोनिन (पाण्यात फेस आणणारी वनस्पतिजन्य संयुगे) असतात. पण या दोन्ही जाती आपल्या चणीबोराहून वेगळ्या आहेत, तेव्हा त्यांचे गुण सरसकट याला चिकटवू नयेत. बिया काढूनच कुटावे. कवचाचे तुकडे दातांना घातक ठरतात.

माळरान:
दोघांचेही आभार. घरात मधुमेही आहेत, त्यांना हे बोरकूट चालेल का?

पानफूल:
पाणी उडून गेल्याने वाळलेल्या बोरात साखरेचे प्रमाण बरेच वाढते, म्हणून वरून गूळ किंवा साखर न घालता चिमूटभरच द्यावे.