यंदा किती वाचून झालं? माझी गाडी अकरावरच अडली

जानेवारीत चोवीस पुस्तकांचा संकल्प केला होता. झाली अकरा, त्यातली बरीचशी पेण-पनवेल एसटीत. सगळ्यांत वर गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. त्यांचं गाव वरसई आमच्याच तालुक्यातलं, तरी ते वाचायला चाळिशी उजाडली! कर्ज फिटावं म्हणून दक्षिणेच्या आशेने निघालेला भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो, लुटला जातो. तरी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो. तिथे पोचलो तेव्हा गाडी खारपाड्याच्या पुलावर होती. खिडकीकडे तोंड करून बसलो.

बाकी दहांपैकी तीन अर्धवटच सोडली, पण मोजलीत. चालतं ना? तुमचं काय?

चष्मेवाली: अर्धवट मोजायची नाहीत हो दादा! माझी सहाच, पण 'स्मृतिचित्रे' दोनदा. लक्ष्मीबाई टिळक स्वतःवर हसतात तसं कुणाला जमत नाही. सासूबाईंना दुपारी मोठ्याने वाचून दाखवायचे. भाजी निवडायची राहून जायची.

रद्दीवाला: भटजींचं पुस्तक छापून आलं १९०७ साली, पन्नास वर्षांनी. तुमची चाळिशी काहीच नाही.

मूळ धागाकर्ता: ताई, बरं, आठ धरा. 'स्मृतिचित्रे' आणलंय वाचनालयातून, पण मधली चार पानं गायब. तुमच्या प्रतीतले फोटो धाडता का?

चष्मेवाली: पान नंबर सांगा.