एमआरआय नॉर्मल, तरी पापणी पडतेच

ताई, संध्याकाळ झाली की पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, पण एमआरआय नॉर्मल म्हणून घरचे ‘टेन्शन घेतेस’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंत. माझ्या बहिणीचं अगदी हेच. सकाळच्या ओपीडीत ती ठणठणीत दिसायची, मग कोण विश्वास ठेवणार? शेवटी मायस्थेनिया ग्रॅव्हिस निघाला. यात बिघाड नस आणि स्नायू जुळतात तिथे असतो, म्हणून मेंदूच्या एमआरआयमध्ये तो दिसत नाही. तुम्हालाही तेच असेल असं नाही, पण न्यूरोलॉजिस्टना अँटीबॉडीच्या रक्ततपासणीबद्दल नक्की विचारा. पापणी पडलेली असतानाच मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि दाखवा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा.