अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनाले: प्रोटोझुआ की बॅक्टेरिया?

व्हेट_दुसरं_वर्ष:
सीनियरच्या जुन्या नोट्समध्ये गाईला आजारी पाडणारा जंतू अ‍ॅनाप्लाझ्मा बबेसिया-थायलेरियाच्या शेजारी, म्हणजे रक्तातल्या प्रोटोझुआत (केंद्रक असलेल्या एकपेशीय परजीवींत) टाकलाय आणि नव्या पुस्तकात तो सरळ बॅक्टेरियात आहे. आज प्रॅक्टिकलला गाईच्या रक्ताची जिम्सा रंग दिलेली स्लाईड बघितली, तांबड्या पेशीच्या अगदी कडेला एक गडद जांभळा ठिपका, बास. यावरून कसं ठरवायचं? परीक्षेत काय लिहू?

स्लाईडवाली:
बिनधास्त बॅक्टेरिया लिही. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत आर्नोल्ड थायलरने याचं वर्णन केलं तेव्हा त्यालाही हा प्रोटोझुआच वाटला होता, फक्त बबेसियात दिसतो तसा पेशीरस यात दिसेना म्हणून नाव अ‍ॅनाप्लाझ्मा, आणि कडेला बसतो म्हणून मार्जिनाले. पेशीच्या मध्याकडे बसणारा सौम्य भाऊ तो सेंट्राले, त्याचीच पुढे जिवंत लस झाली. खरा उलगडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने केला. तू पाहिलास तो ठिपका म्हणजे एक जंतू नाहीच, ती पातळ पडद्याची पिशवी आहे आणि आत साधारण ४ ते ८ जंतू दाटीने बसलेले असतात, केंद्रक एकातही नाही. प्रोटोझुआ असता तर केंद्रक असायलाच हवं होतं ना!

गोठा_डॉक्टर:
ताईंनी छान सांगितलं. मी एवढंच म्हणेन की हे नुसतं मार्कांपुरतं नाही रे. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक गाय आली, ताप, डोळ्याची आतली बाजू पिवळी, अंगावर गोचिडं, मी बबेसिया समजून त्यावरचं औषध डिमिनाझिन दिलं आणि दोन दिवस वाट बघत बसलो, गाय खालावतच गेली. लघवी लाल नव्हती हे तेव्हाच खटकायला हवं होतं. बबेसियात पेशी रक्तातच फुटतात म्हणून लघवी लाल होते, अ‍ॅनाप्लाझ्मात त्या प्लीहेत वगैरे गिळल्या जातात म्हणून कावीळ दिसते पण लघवी लाल होत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केल्यावर गाय सावरली. बॅक्टेरिया आहे म्हणूनच ते लागू पडलं.

व्हेट_दुसरं_वर्ष:
थँक्यू सर, हे आता डोक्यातून जाणार नाही. पण मग हा रिकेट्सियाच (पेशीच्या आत राहणाऱ्या बॅक्टेरियांपैकी) म्हणायचा का?

स्लाईडवाली:
गण तोच, रिकेट्सियालीस, पण कुळ वेगळं, अ‍ॅनाप्लाझ्माटेसी. रिकेट्सिया पेशीरसात मोकळा राहतो, हे कुळ पिशवीत राहतं. २००१ मध्ये १६एस आरआरएनए (बॅक्टेरियांचं नातं ठरवायला वापरतात तो जीन) वगैरे जीन्स बघून या गणाची फेरमांडणी झाली आणि अर्लिकिया या जवळच्या गटातले काही जण अ‍ॅनाप्लाझ्मात आले, उदाहरणार्थ गाईच्या मोनोसाइटमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशीत) सापडणारा बोव्हिस. त्यामुळे 'अ‍ॅनाप्लाझ्मा म्हणजे तांबडी पेशी' असं लिहू नकोस, ते फक्त मार्जिनालेसारख्यांना लागू आहे. वर्ग अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया, आणि फायलम जुन्या पुस्तकात प्रोटिओबॅक्टेरिया दिसलं तर त्यालाच आता स्यूडोमोनॅडोटा म्हणतात.