वारीचे खाडे आणि एकादशीचा उपवास

चर्चाप्रस्ताव
आषाढी एकादशीला आमच्या सोसायटीत भजन होते, राजगिऱ्याचे लाडू वाटले जातात, आणि आळंदीहून पायी पंढरपूरला गेलेल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या पगारातून त्याच महिन्याचे खाडे कापले जातात. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्यांचे अभंग गाणाऱ्यांनी हाताखालच्या माणसाचा मोबदला, सुट्टी आणि मान सांभाळला नाही, तर त्यांच्या उपवासाला भक्ती म्हणू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १
हा निवाडा करणारे आपण कोण? विठ्ठलापुढे माणूस आपले उणेपण घेऊनच उभा राहतो. आधी निर्दोष व्हा आणि मग नाम घ्या, अशी अट संतांनी कधी घातली नाही. न्यायासाठी कायदा आहे. हरिजनांच्या मंदिरप्रवेशासाठीही मुंबई प्रांताला १९४७ मध्ये कायदा करावाच लागला. शिवाय तुकोबांनी भावाच्या वाट्याची खते बुडवली नाहीत, हेही तीच परंपरा सांगते.

प्रतिसाद २
कायद्याचे श्रेय मान्य आहे, पण पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. कर्मठांचा रोष पत्करून एका वारकरी महाराजांनी आपला मठ त्यासाठी दिला, कारण विठ्ठलाच्या दारातून माणसाला परतवणे हा त्यांच्या लेखी श्रद्धेचाच अपमान होता. त्या निर्णयाला मी भक्ती म्हणतो. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, तरी खाडे कापायचे की नाहीत हे आजही स्वयंपाकघराच्या दारातच ठरते.

प्रतिसाद १
जवळपास तीन आठवडे बदलीची बाई ठेवायची आणि दोघींना पैसे द्यायचे, हे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला झेपत नाही. ज्याला झेपेल त्याने आनंदाने द्यावे. मात्र ते दान आहे, हक्क नव्हे.

चर्चाप्रस्तावक
भावाच्या खतांचा मुद्दा रास्त आहे. शेजाऱ्यावर सक्ती करावी असे मी म्हणतच नाही. पण वर्षभर साप्ताहिक सुट्टीही न घेणाऱ्या बाईंनी ते दिवस आधीच कमावलेले असतात, म्हणून त्याला दान म्हणणे मला पटत नाही. ज्यांना दोन पगार परवडत नाहीत, त्यांनी बदली न ठेवता तेवढे दिवस स्वतः भांडी घासावीत.