बायबलातला युनिकॉर्न: घोडा, गेंडा की रानबैल?

बोरूबहाद्दर: कुणीतरी काल ठोकून दिलंय की १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलात युनिकॉर्न नऊदा येतो, म्हणजे हिब्रू लोक शिंगवाला घोडा मानायचे. अहो, मूळ शब्द ‘रेएम’. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा ‘मोनोकेरोस’, म्हणजे एकशिंगी, करून टाकला आणि पुढचे त्याच वाटेने गेले. बायबलातलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक उघडा, ३३:१७. रेएम एक, शिंगं अनेक, आणि लगेच त्या शिंगांना एफ्राईम-मनश्शे या दोन इस्राएली वंशांची जोडी. एका शिंगात भागेना म्हणून किंग जेम्सवाल्यांनी जनावरंच अनेक केली, मूळ एकवचन पानाच्या समासात टाकलं. हिब्रूच्याच कुळातल्या जुन्या अक्कडी भाषेत ‘रीमू’ म्हणजे रानबैल. विषय संपला.

गेंडास्वामी: संपला कसा? बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने तिथे सरळ गेंडा लिहिलाय. ईयोबाच्या पुस्तकातही.

बोरूबहाद्दर: आणि स्तोत्रांत त्याच शब्दाला एकशिंग्या! ईयोब ३९:९-१२ वाचा जरा. हा तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढेल का, दोरी लावून तासात चालेल का, तुझ्यामागे कुळव ओढेल का, धान्य खळ्यावर आणेल का. गेंड्याला हे कोण विचारतं? घरचा बैल करतो ते रानातला करणार नाही, हीच त्यातली खोच.

सिंधुतीर: पण ग्रीकांना एक शिंग सुचलं कुठून? मोहेंजोदडोच्या मुद्रांवर सगळ्यात जास्त एकशृंगच आहे. आपलं म्हटलं की तुम्हाला दिसत नाही.

बोरूबहाद्दर: तो बाजूने काढलेला बैल. दुसरं शिंग पहिल्याआड. बाबिलोनच्या इश्तार दरवाज्यावरच्या बैलांनाही एकच दिसतं.

सिंधुतीर: बाबिलोनचं बाबिलोनला ठेवा! सिंधूच्या मुद्रांवर वशिंडवाला बैलही बाजूनेच काढलाय, त्याची दोन्ही शिंगं दिसतात. रेड्याचीही. मग याचंच एक लपलं होय? चन्हुदडो, हडप्पा इथे मातीच्या एकशिंगी मूर्तीही मिळाल्यात. त्या फिरवून बघा, कुठल्या बाजूने दुसरं शिंग दिसतं ते सांगा.

खवचट: मूर्ती खऱ्या. पण त्या मुद्रा इ.स.पू. १९०० च्या सुमारास बंद पडल्या आणि ग्रीक भाषांतर सुरू झालं इ.स.पू. तिसऱ्या शतकात. मधली दीड हजाराहून जास्त वर्षं त्या कुणाच्या बटव्यात होत्या? ग्रीकांत एकशिंग्या आणला क्टेसियसने, इ.स.पू. ४०० च्या आसपास. इराणच्या दरबारातला वैद्य. ऐकीव गोष्टींवर दीड हात शिंगाचं भारतीय रानगाढव लिहून मोकळा. त्या शिंगाच्या पेल्यातून प्यायलं की विष बाधत नाही, हेही त्याचंच. त्यात गेंड्याचा अंश असेलच.

गेंडास्वामी: म्हणजे शेवटी गेंडाच ना!

बोरूबहाद्दर: क्टेसियसचा गेंडा खुशाल घरी न्या. ईयोबाच्या बैलाला हात लावू नका.

सिंधुतीर: बरं, रेएम म्हणजे रानबैल, मान्य. उपकार समजा. मातीच्या मूर्तीवर मात्र अजून कुणी बोललेलं नाही.