कराडात प्राइड यात्रा निघावी का? दत्त चौक ते प्रीतिसंगम

निवृत्त बाई

गेली 34 वर्षं मी कराडात आहे, त्यातली 29 शाळेत गेली. मला ओळखणारे ओळखतीलच. नाव लिहीत नाही ते मुलासाठी. तो पुण्यात नोकरी करतो, तिशीचा आहे आणि समलिंगी आहे. 2016 मध्ये त्यानं आम्हा दोघांना सांगितलं. मिस्टरांनी त्याला एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडं नेलं. तिथं ‘उपचार’ सुरू झाले, ते पाच महिने चालले. पोरगं अकरा किलोनं उतरलं. मी त्या वेळी गप्प बसले. त्याबद्दल त्याची माफी मागितली आहे, अजूनही मागते.

आता तो आणि त्याची इथली, ओगलेवाडी-मलकापूरकडची चारपाच मित्रमंडळी म्हणतायत की कराडात एक प्राइड यात्रा काढायची, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी मंडळींनी आणि त्यांच्या माणसांनी उघडपणे एकत्र चालायचं. दत्त चौकातून निघायचं, आझाद चौक, चावडी चौक करत प्रीतिसंगमावर जायचं. तिथं थोडं बसायचं, दोघातिघांनी बोलायचं, घरी जायचं. डीजे नाही, ट्रक नाही.

2019 ला मी त्याच्याबरोबर पुण्याच्या यात्रेत चालले. जंगली महाराज रस्त्यावर मला एकही ओळखीचा चेहरा दिसला नाही. खरं सांगते, म्हणूनच मला चालता आलं. दत्त चौकात तसं होणार नाही. भाजीवाली भेटेल, मेडिकलवाले भेटतील, मिस्टरांच्या बँकेतले लोक भेटतील, माझे विद्यार्थी तर पावलोपावली. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आई, म्हणूनच तर. पुण्यात मी कुणाचाच कुणी नाही. जिथं मला ‘बाईंचा मुलगा’ म्हणतात, तिथंच मला चालायचंय.”

त्याचं म्हणणं मला पटतं. रात्री झोप मात्र लागत नाही. अजून कुठंही अर्ज दिलेला नाही. त्याआधी गावाचं ऐकायचं आहे. विरोध असेल तर तोही लिहा, फक्त समोर माणूस बसलाय असं समजून लिहा.

कृष्णाकाठचा

बाई, तुमच्या मुलाबद्दल माझ्या मनात वाईट नाही. त्याला झाला तो त्रास व्हायला नको होता. तरी माझा या यात्रेला विरोध आहे आणि तो का, ते सांगतो.

आपल्याकडं नवरा-बायकोसुद्धा रस्त्यात हात धरून चालत नाहीत. माझ्या लग्नाला 26 वर्षं झाली, चारचौघांत मी बायकोला नावानं हाक मारलेली नाही. आमच्या पिढीला कुणाचंही प्रेम चौकात आणलेलं बघवत नाही. हा आमचा संकोच आहे, त्याला द्वेष म्हणू नका. तुमचा मुलगा घरात कसा राहतो हे मी विचारायला येणार नाही. मग मला ते चावडी चौकात का सांगायचं?

दुसरं. 1969 ला न्यूयॉर्कमध्ये एका बारवर पोलिसांची धाड पडली, त्यावरून दंगल झाली, म्हणून तिथं जूनमध्ये हे मोर्चे निघतात. त्यांचं दुःख खरं असेल. ते कराडच्या माथी कशाला?

आणि तिसरं, जे कुणी बोलत नाही. यात्रेत दिसलेल्या पोराच्या धाकट्या बहिणीचं स्थळ मोडलं तर तिनं कुणाकडं जायचं?

कोर्टाच्या पायरीवरून

काका, न्यूयॉर्कचं तुमचं बरोबर. पण आपल्याकडची पहिली यात्रा 2 जुलै 1999 ला कोलकात्यात निघाली आणि तिला फक्त 15 माणसं होती. त्यांनी तिला ‘फ्रेंडशिप वॉक’ म्हटलं. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 जिवंत होतं. ते कलम इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं, म्हणजे बाहेरून आलेलं काय असेल तर आधी ते आलं. 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्याची धार काढली, 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा जसंच्या तसं उभं केलं आणि शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायमूर्तींनी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं. त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलंय की इतिहासानं या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागायला हवी. बाई, कुटुंबांचीसुद्धा, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो.

आणि मराठीत हा विषय काल आलेला नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यात उघड उत्तरं दिली. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा 1934 मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या बाबासाहेबांचं शाळेत नाव घातलं ते आपल्याच साताऱ्यात, त्यांना हा विषय चारचौघांत बोलायला वर्ज्य वाटला नाही.

परवानगीचं सांगतो. शांतपणे, विनाशस्त्र जमायचा हक्क घटनेनं दिलाय. पण जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघतात, तेव्हा पाच किंवा त्याहून जास्त माणसं जमवायची तर परवानगी लागते. अर्जात मार्ग, वेळ, स्वयंसेवकांची नावं लिहा. घोषणासुद्धा लिहून द्या. फेब्रुवारी 2020 मध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासूनच्या यात्रेला परवानगी मिळाली नाही, आझाद मैदानात कार्यक्रम घ्यावा लागला आणि तिथं दिलेल्या एका घोषणेवरून गुन्हा दाखल झाला. कराडात पहिल्याच वर्षी तसं काही झालं तर दुसरं वर्ष उजाडणार नाही.

मेन रोडवरचा दुकानदार

मिरवणूक कुणाचीही असो, त्या दिवशी आमचा धंदा बसतो. गणपती, जयंत्या, मोर्चे, उद्घाटनं, सगळ्यांना रस्ता हाच. रविवारी सकाळी दहाच्या आत काढा, माझी हरकत नाही. संध्याकाळी काढाल तर आहे.

उंडाळे रोड

कृष्णाकाठच्या काकांना एवढंच विचारते. लग्नाची पत्रिका छापतो, वरात काढतो, डोहाळजेवणाला झोपाळा सजवून फोटो काढतो, बारशाला सगळी आळी बोलावतो. यातलं खाजगी कुठलं? तुमचा संसार गावाला आधीच माहीत आहे, म्हणून तो सांगावा लागत नाही. माझं वय 31. एका मैत्रिणीबरोबर सहा वर्षं राहते. घरमालकीणबाई आम्हाला मावसबहिणी समजतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या निकालानंतर आम्हाला लग्न करता येणार नाही हे पक्कं झालं. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयानं बँकांना कळवलं की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना खात्यावर नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. मी ते पत्रक छापून बँकेत नेलं. काउंटरवर माझी शाळेतली मैत्रीण निघाली. पत्रक पर्समधून बाहेर काढलंच नाही, पासबुक भरून परत आले. मला यात्रा हवी आहे ती त्या काउंटरसाठी.

मागच्या बाकावरचा

बाई, मी तुमचा विद्यार्थी. कुठल्या बॅचचा ते विचारू नका. मी कराडात राहतो, इथंच एका खाजगी संस्थेत कामाला आहे आणि मी समलिंगी आहे. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मराठीत लिहिलं.

माझा विरोध आहे.

तुमचा मुलगा पुण्याहून येईल, चालेल, रविवारी संध्याकाळच्या एसटीनं परत जाईल. सोमवारी कामावर मी असणार. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवणार, सगळे हसणार आणि मलाही त्यांच्याबरोबर हसावं लागणार. हसलो नाही तर का हसला नाहीस म्हणून बघणार. आत्ता माझ्याकडं कुणाचं लक्ष नाही. गावात या शब्दाचा माणूसच कुणी बघितलेला नाही, त्यामुळं मला ‘लाजाळू आहे’, ‘आईवेडा आहे’ म्हणून सोडून देतात. त्या अडाणीपणाच्या आडोशाला मी पंधरा वर्षं जगलोय. यात्रा निघाली की तो आडोसा गेला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बिनलग्नाच्या पोराकडं त्या नजरेनं बघणार.

वकीलसाहेब, 2018 चा निकाल मी तीनदा वाचलाय. मला जेलमध्ये टाकणार नाहीत, एवढं कळलं. पण उद्या संस्थेनं दुसरं काही कारण दाखवून काढलं तर मी कुठं दाद मागू? ‘समलिंगी म्हणून खाजगी नोकरीतून काढता येणार नाही’ असा कायदा मला सापडला नाही. तुम्हाला सापडला असेल तर लिहा.

कोर्टाच्या पायरीवरून

नाही, मित्रा. तसा स्वतंत्र कायदा नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मुंबईत लोक मुखवटे लावून चालायचे. ज्यांना भीती आहे त्यांनी तसं चालावं.

मागच्या बाकावरचा

साहेब, मुंबईत मुखवटा चालतो. इथं मला चालीवरून ओळखतात. चपलेवरून ओळखतात.

यल्लम्माची लेक

मी जोगती, यल्लम्माला सोडलेली तृतीयपंथी. वाचायला शिकले ते मोठेपणी, लिहून देतोय माझा भाचा. सांगतेय मीच.

तुम्ही सगळी दिसायचं का नाही दिसायचं यावर भांडताय. मी चौदाव्या वर्षापासनं दिसतेय. साडी, परडी, कपाळभर भंडारा. बाजारात सगळ्यांना दिसते. सौंदत्तीच्या यात्रेला गाडी भरून जाताना पुढच्या सीटवर मला बसवत्यात, पायावर डोकं ठेवत्यात. परत आल्यावर खोली भाड्यानं मागितली की म्हणत्यात पोरीबाळी हायत घरात. दिसल्यानं खोली मिळत असती तर मला वाडा मिळाला असता.

2014 ला सुप्रीम कोर्टानं आमाला माणसात धरलं. कार्ड पण मिळालं, त्याला साताऱ्याला किती खेपा झाल्या ते इचारू नका. ते कार्ड घेऊन दवाखान्यात गेले तर बायकांच्या वॉर्डात घेईनात, पुरुषांच्या वॉर्डात मी जाईना. रात्रभर व्हरांड्यात सलाईन लावून पडले होते.

बाई, यात्रेला मी येते. पण दोन गोष्टी. आमाला पुढं नाचायला ठेवायचं नाही. पुण्यामुंबईच्या फोटोत बघते, फोटो आमचा आणि भाषण दुसऱ्याचं. आणि हातात जो फलक असंल त्यावर खोली आणि वॉर्ड लिहायचं. अभिमान-बिभिमान खाली लिहा.

कृष्णाकाठचा

वरचं सगळं वाचलं. व्हरांड्यातल्या सलाईनचं वाचून लाज वाटली, ते मान्य करतो. त्यासाठी नगरपालिकेवर, दवाखान्यावर निवेदन द्यायचं असेल तर सही माझी पहिली घ्या, बरोबर येतो.

पण यात्रेचं मत बदललेलं नाही, उलट मागच्या बाकावरच्या पोरानं लिहिलं त्यानं पक्कं झालं. ज्यांच्यासाठी काढताय त्यातलाच एकजण हात जोडतोय, की माझा आडोसा काढू नका. त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं? यात्रा काढायची घाई ज्यांना गाव सोडून जाता येतं त्यांनाच दिसते.

आणि कपड्यांचंही स्पष्ट बोला. पुण्यात 2017 ला नीट कपडे घालून या, असं आयोजकांनी सांगितलं तर त्यांच्यातच वाद झाला. इथं तो वाद होणार असेल तर अर्ज देऊच नका.

उंडाळे रोड

तो वाद कशावरून झाला तेही लिहा ना, काका. नीट कपडे म्हणजे कुणाच्या मते नीट, यावरून झाला. जोगतीताईंची साडी नीट की नाही? काहीजणांना तीही चालणार नाही. मी तर ऑफिसला जाते त्या ड्रेसमध्ये येणार आहे.

मागच्या बाकावरच्या दादा, तुमच्या भीतीला माझ्याकडं उत्तर नाही. माझ्याही पोटात तीच आहे. फक्त एक सांगते. त्या आडोशाला आपण दोघं एकाच गावात इतकी वर्षं होतो आणि एकमेकांना माहीत नव्हतो. मला काल रात्री याचंच फार वाईट वाटलं.

निवृत्त बाई

दोन दिवस सगळं वाचत होते, मिस्टरांनाही वाचून दाखवलं. काही ठिकाणी ते उठून आत गेले.

मुलाशी फोनवर बराच वेळ बोलले, थोडं भांडणही झालं. तो म्हणतो, भीती जायची वाट बघत बसलो तर यात्रा कधीच निघणार नाही. मी म्हटलं, तुझी भीती तू पुण्याला ठेवून येतोस, इथल्या पोरांची इथंच राहणार आहे. शेवटी आमचं ठरलं ते असं. या वर्षी अर्ज द्यायचा नाही. आधी माझ्या घरी बसायचं, महिन्यातून एका रविवारी. आईवडील येतील, ज्यांना यायचंय ती मुलं येतील, कुणी कुणाला नाव विचारणार नाही. दवाखान्याचं निवेदन मात्र लगेच द्यायचं. कृष्णाकाठचे, तुमची सही धरली आहे. जोगतीताई, मजकूर तुम्ही सांगायचा, मी लिहून काढते.

यात्रा मी सोडलेली नाही. ती इथल्याच मुलांनी ‘आता काढू’ म्हटलं की निघेल, मग पंधरा माणसं असोत की आठ. त्या दिवशी मुलाच्या शेजारी मी असेन. मिस्टरांचं मी सांगू शकत नाही.

कृष्णाकाठचा

निवेदनाला येतो. यात्रेच्या दिवशी दारात उभा असेन, पण चालणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको.

मागच्या बाकावरचा

बाई, रविवारी येईन असं म्हणत नाही. तुमची गल्ली मला माहीत आहे आणि गल्लीला मी माहीत आहे.

एक विचारायचं होतं. मे महिन्यात घरच्यांनी मला घेऊन दोन ठिकाणी मुलगी बघायला जायचं ठरवलंय. त्याआधी आईशी बोलायचंय. तुमच्या मुलानं तुम्हाला नेमकं कसं सांगितलं होतं? पहिलं वाक्य काय होतं?

निवृत्त बाई

मी कुकर लावत होते. तो मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, गॅस जरा बंद कर.” मी बंद केला. मग बराच वेळ तो काही बोललाच नाही, आणि मीही विचारलं नाही. ते तेवढं मी विचारायला हवं होतं.

तुझ्या आईला मी ओळखत असेन. तू म्हणशील तर त्या दिवशी मी तुमच्याकडं आधीच येऊन बसते, हळदीकुंकवाचं काहीतरी निमित्त काढून.